काही करत नाही हो तो!

मराठीत सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं खोटं वाक्य कोणतं? ‘पाच मिनिटांत पोचतोय’ हे दुसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवर, माझ्या मते, ‘घाबरू नका, काही करत नाही हो तो!’

वेळ सकाळी साडेसहाची. स्थळ तुमच्या घराजवळची कुठलीही बाग. तुम्ही इअरफोन लावून, काल रात्री खाल्लेल्या पिझ्झ्याचं प्रायश्चित्त घेत जॉगिंग ट्रॅकवर धावताय. समोरून तीस किलोचा लॅब्रॅडॉर सुसाट येतोय. त्याच्या मागे पन्नास पावलांवर त्याचा मालक. एका हातात मोबाइल, लीश स्वतःच्याच गळ्यात उपरण्यासारखी टाकलेली. तुम्ही जागच्या जागी थिजता. कुत्रा तुमच्या छातीवर दोन पाय ठेवतो आणि लांबून ते अजरामर वाक्य ऐकू येतं.

गंमत अशी, की मालक खोटं बोलतोय असं त्याला मुळीच वाटत नसतं. घरी तो कुत्रा खरंच काही करत नाही. आजींच्या पायाशी झोपतो, बाळाला कान ओढू देतो, फटाके वाजले की पलंगाखाली जातो. पण विचारलंय कोणी? ट्रॅकवर उभ्या असलेल्या माणसाला तुमच्या कुत्र्याचं कॅरेक्टर सर्टिफिकेट नको असतं. त्याला लहानपणी कुत्रा चावलेला असू शकतो. त्या काकूंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं असू शकतं. ती मुलगी सहा महिन्यांची गरोदर असू शकते. आणि तीस किलोचं प्रेम धावत अंगावर आलं, तर आडवं व्हायला चावून घेण्याची गरज नसते.

मला कुत्रे आवडतात. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर माझ्यावर ‘डॉग हेटर’चा शिक्का बसायचा. आमच्या घरी रस्त्यावरून आणलेली एक देशी कुत्री आहे. नाव चिंगी. पाच वर्षांची, वजनाने माझ्या लॅपटॉपच्या बॅगेपेक्षा थोडी जड, स्वभावाने जाम भित्री. ‘काही करत नाही’वाल्यांचा सगळ्यात जास्त त्रास कोणाला होत असेल, तर तिला.

कसा ते सांगते. चिंगी लीशवर असते. समोरून मोकळा सुटलेला, ‘फ्रेंडली’ कुत्रा धावत येतो. आता कुत्र्यासमोर भीती वाटल्यावर दोनच रस्ते असतात, पळून जा किंवा भिड. पळायचा रस्ता मी लीशने बंद केलेला असतो. मग उरतं काय? ती दात दाखवते, गुरगुरते, कधी झडप घालते. आणि मोकळ्या कुत्र्याचे मालक माझ्याकडे बघून म्हणतात, ‘तुमची जरा अ‍ॅग्रेसिव्हच आहे, नाही?’ नियम पाळणारी अ‍ॅग्रेसिव्ह आणि नियम मोडणारा फ्रेंडली! बागेत होणारी कुत्र्यांची बरीच भांडणं अशीच सुरू होतात. एक बांधलेला, एक सुटलेला, मालक लांब.

गेल्या वर्षभरात कुत्र्यांवर आपण सगळेच तावातावाने बोललो. निमित्त सुप्रीम कोर्टाचं. ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली आणि परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश आला. २२ ऑगस्टला तो बदलला गेला. नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडा, मात्र रेबीज झालेले आणि आक्रमक कुत्रे सोडू नका, असं सांगितलं गेलं. मग ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटलं, स्टेडियम, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं इथून कुत्रे हलवायचा आदेश झाला. ऑफिसच्या कँटीनमध्ये दोन पार्ट्या पडल्या. एक भूतदयावाली, एक ‘उचला सगळे’वाली. या सगळ्या गदारोळात एक मंडळी मजेत सुटली. पाळीव कुत्र्यांचे मालक. म्हणजे आपण.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या. त्यातल्या सुमारे ४ लाख ८५ हजार एकट्या महाराष्ट्रातल्या. हा आकडा कुत्रा चावल्याचा आहे, ‘भटका’ कुत्रा चावल्याचा नाही. चावणाऱ्याच्या गळ्यात पट्टा होता की नव्हता, याने जखमेला फरक पडत नाही.

तर मुद्दा लीशचा. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना लीश म्हणजे कुत्र्यावर अन्याय वाटतो. ‘बिचारा दिवसभर फ्लॅटमध्ये असतो गं, थोडा मोकळा सोडला तर काय?’ हे वाक्य मी वेताळ टेकडीवर ऐकलंय. तिथे बिचारा मोरांच्या मागे लागला होता. मोकळं धावणं ही कुत्र्याची गरज आहे, हे शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी कुंपण असलेली जागा लागते आणि हाक मारली की दरवेळी परत येणारा कुत्रा लागतो. दरवेळी म्हणजे समोर मांजर असताना, दुसरा कुत्रा असताना, वडापाव पडलेला असताना. तुमचा येतो? माझी चिंगी वडापावसाठी मला विकेल.

लीश कशी असावी, यातही फॅशन आली आहे. ती डबीतून सुटत जाणारी, पाच-पाच मीटर लांब होणारी दोरी दिसायला सॉलिड कूल असते. गर्दीच्या ट्रॅकवर मात्र ती निव्वळ डोकेदुखी. कुत्रा ट्रॅकच्या डावीकडे, मालक उजवीकडे आणि मधे डोळ्यांना धड न दिसणारी दोरी. सायकलवाला पोरगा त्यात अडकला की संपलं. साधा चार ते सहा फुटांचा, हातात घट्ट बसणारा पट्टा घ्या. आणि तो धरणारा माणूस कुत्र्याला आवरू शकणारा असावा. आठ वर्षांच्या मुलीच्या हातात रॉटवायलर देऊन आईबाबा फोटो काढताना मी पाहिलेत. तिथे कोण कोणाला फिरवत होतं, ते सांगायला नको.

ब्रीडबद्दल बोलायलाच हवं, कारण विषय तिथे येतोच. जुलै २०२२ मध्ये लखनौमध्ये घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात ८२ वर्षांच्या बाईंचा जीव गेला आणि देशभर हलकल्लोळ झाला. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी आणायचं परिपत्रक राज्यांना पाठवलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं. मोठ्या जबड्याचा कुत्रा चावला तर जास्त इजा होते, हे उघड आहे. पण पुण्या-मुंबईत मला त्याहून वेगळीच गोष्ट दिसते. आपण कुत्रा निवडतो तो जाहिरात बघून. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत तो गोंडस पग मुलाच्या मागे मागे फिरला आणि अख्ख्या शहराला पग हवा झाला. नंतर हस्कीची लाट आली. बर्फात स्लेज ओढायला तयार झालेला कुत्रा खराडीच्या वन बीएचकेमध्ये, दोघं नवराबायको दहा तास ऑफिसात आणि वॉक पंधरा मिनिटांचा. तो कुत्रा संध्याकाळी बागेत आल्यावर रॉकेटसारखा सुटणार नाही तर काय करेल? त्याचा स्वभाव वाईट नसतो, त्याचा दिवस वाईट गेलेला असतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. म्हणजे ज्यांच्याकडे कुत्रा नाही आणि जे ट्रॅकवर थिजतात, ती बाजू.

पहिली गोष्ट, धावू नका. अगदी मिल्खा सिंग असलात तरी नाही. धावणाऱ्याच्या मागे लागणं हे कुत्र्याच्या रक्तात आहे. जॉगिंग चालू असेल तर चालायला लागा, कुत्रा अगदी जवळ आला तर थांबा. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघू नका, ते त्याच्या भाषेत आव्हान असतं. थोडं तिरपं उभं राहा, हात अंगाशी, मुठी मिटलेल्या. किंचाळू नका, हात हवेत फेकू नका. लहान मुलांना हे शिकवायचं असेल तर ‘झाड हो’ म्हणून सांगा, पटकन कळतं. बहुतेक कुत्रे वास घेतात, बोअर होतात आणि जातात. मग हळूहळू मागे सरका, पण पाठ दाखवू नका. तरीही तो अंगावर आलाच तर हातात असेल ते मधे धरा. बॅग, पाण्याची बाटली, छत्री, जॅकेट, काहीही. त्याच्या तोंडात तुमच्या हाताऐवजी जॅकेट गेलेलं केव्हाही बरं. खाली पडलात तर पोटाशी पाय घेऊन गोळा व्हा, मानेवर आणि कानांवर हात ठेवा.

आणि ‘शेपूट हलवतोय म्हणजे खूश आहे’ या समजुतीवर विसंबू नका. अंग सैल, शेपूट आडवी आणि कंबरेसकट हलतेय, तर गडी खूश आहे. अंग ताठ, शेपूट उंच, ताठ आणि थरथरल्यासारखी हलतेय, तर लांब राहा. डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, ओठ चाटतोय, झोप आलेली नसताना जांभया देतोय, तोंड फिरवतोय, तर तो ‘मला नको’ म्हणतोय. गुरगुरणं हे त्याचं शेवटचं सभ्य वाक्य असतं. म्हणून गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला फटका मारणारे लोक मला कळत नाहीत. सूचना देणं बंद केलं, तर पुढच्या वेळी तो थेट चावेल ना!

दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावायच्या आधी मालकाला विचारा. मुलांना हे पक्कं शिकवा. मागून जाऊन मिठी मारणं, झोपलेल्याला, खात असलेल्याला हात लावणं अजिबात नाही. आणि कुत्र्याने मान वळवली, तर मालक ‘हो’ म्हणाला असला तरी उत्तर ‘नाही’ आहे.

दोन कुत्रे जुंपले तर मधे हात घालू नका. सगळ्यात वाईट चावे तिथेच पडतात, आणि अनेकदा स्वतःच्याच कुत्र्याचे. बाटलीतलं पाणी तोंडावर मारा, मोठा आवाज करा, मधे काहीतरी आडवं घाला. दोघं मालक शांत डोक्याचे असतील तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरून उलटं मागे ओढायचं. एकट्याने हा प्रयोग करायचा नाही.

चावलाच तर? इथे मात्र जोक बंद.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. एक-दोन नाही, पूर्ण पंधरा मिनिटं. बागेतला नळ चालेल. घड्याळ लावा, कारण पंधरा मिनिटं खूप मोठी असतात. हळद, चुना, मिरचीपूड, तेल, यातलं काहीही लावू नका, आजीने कितीही सांगितलं तरी. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे. ‘सोमवारी ऑफिसला जाताना बघू’ असं नको. लस कशी द्यायची त्यावर अवलंबून चार किंवा पाच डोस असतात, आणि ते दंडात असतात. पोटात चौदा इंजेक्शनांची जी भीती आपल्याला दाखवली गेली, ती जुन्या लसीची. ती लस भारतात २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता तीच भीती मनात धरून कोणी लस टाळत असेल तर त्याला हे जरूर सांगा.

कातडी फाटून रक्त आलं असेल तर फक्त लस पुरत नाही. जखमेत आणि तिच्या आजूबाजूला इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं. कारण लसीमुळे शरीरात तयार होणारी ताकद यायला आठवडा-दोन आठवडे जातात, आणि मधल्या काळात विषाणूला रोखायला हे तयार रसद म्हणून लागतं. ते प्रत्येक दवाखान्यात असतंच असं नाही, तेव्हा निघण्याआधी फोन करून विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शनही डॉक्टरांना विचारून घ्या.

चावणारा कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. पण लस दहा दिवस थांबवायची नसते, ती पहिल्या दिवशीच सुरू करायची. कुत्रा ठणठणीत राहिला तर पुढचं काय ते डॉक्टर ठरवतील. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की जवळपास कोणी वाचत नाही, इतकं हे सरळ आहे. २०२५ मध्ये उत्तर प्रदेशात बुलंदशहरच्या एका तरुण कबड्डीपटूचा असा मृत्यू झाला. नाल्यात पडलेलं कुत्र्याचं पिल्लू त्याने बाहेर काढलं होतं. पिल्लू चावलं, जखम किरकोळ वाटली, लस घेतली गेली नाही.

आणि मालकांनो, तुमच्या कुत्र्याने कोणाला दात लावले तर त्या क्षणी ‘त्याने आधी कधीच असं केलं नाही’ हे सांगत बसू नका. नाव आणि फोन नंबर द्या. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो पाठवा, तो मोबाइलमध्ये आधीपासून असलाच पाहिजे. त्या माणसाबरोबर हॉस्पिटलात जा, खर्च करा. माझ्या पाहण्यात जी भांडणं पोलीस ठाण्यापर्यंत गेली, ती चाव्यामुळे गेली नाहीत. मालक कुत्र्याला घेऊन सटकला म्हणून गेली.

पोलीस ठाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. आपल्याकडच्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कागदावरच असणार, असं वाटतंय? मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका रॉटवायलरने ७२ वर्षांच्या गृहस्थांना चावे घेतले. तेरा वर्षांनी, २०२३ मध्ये, मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली. दुसरी केस मला जास्त बोलकी वाटते. वरळीच्या एका इमारतीत २०१८ मध्ये एक माणूस मुलाबरोबर लिफ्टमध्ये होता. हस्की घेऊन आलेल्या शेजाऱ्याला तो म्हणाला, मुलगा कुत्र्याला घाबरतो, जरा थांबा. शेजारी थांबला नाही, कुत्र्याला ओढत आत घेऊन आला. कुत्रा त्या माणसाच्या हाताला चावला. मे २०२५ मध्ये कोर्टाने मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. कुत्रा लीशवर होता बरं का! लीश होती, फक्त समोरच्याचं ऐकून घेतलं नव्हतं. लिफ्ट काय, दोन मिनिटांत परत आली असती.

याच्या उलट टोकाला आहेत बंदीवाले. दोन-तीन प्रकार झाले की सोसायटीच्या किंवा बागेच्या गेटवर पाटी लागते, ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’. मला ती पाटी चूक वाटते, आणि पशुकल्याण मंडळालाही. मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय, की पाळीव प्राण्यांना बागांमधून बंदी घालणं अदूरदृष्टीचं आहे. कारण व्यायाम न मिळालेला कुत्रा जास्त भुंकतो, जास्त बिथरतो आणि त्रास शेजाऱ्यांनाच होतो. त्याऐवजी मालकांशी बोलून वेळा ठरवा, असं मंडळ सुचवतं. हैदराबादच्या कोंडापूरमध्ये महापालिकेने २०१८ मध्ये खास कुत्र्यांसाठी पार्क काढला. आपल्याकडे बागेचा एक कोपरा कुंपण घालून दिला, तरी अर्धी भांडणं संपतील. पण तो कोपरा मागायला जाणाऱ्यांच्या हातात आधी लीश, महापालिकेचं लायसन्स आणि रेबीजच्या लसीचं कार्ड दिसायला हवं. एका मोकाट लॅब्रॅडॉरमुळे पाटी लागते आणि शंभर बांधलेले कुत्रे रस्त्यावर येतात, हे मी दोनदा पाहिलंय.

भटक्यांना खायला घालणाऱ्यांनाही एक विनंती. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खाणं घालायची जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून आणि येण्याजाण्याच्या वाटांपासून लांब हवी. घसरगुंडीच्या पायथ्याशी दूध-पोळी ठेवणं म्हणजे कुत्र्यावर आणि मुलांवर, दोघांवरही अन्याय. तिथला कुत्रा आपल्या ताटाची राखण करणार आणि पोरं तिथेच खेळणार.

राहता राहिली शी. हो, ‘पॉटी’ म्हणून ती सुगंधी होत नाही. कुत्र्याच्या शीतून जंतांची अंडी मातीत जातात, आणि त्याच मातीत आपली भाचरं किल्ले करतात. पिशवी न्या, उचला, कचऱ्यात टाका. उचलून, पिशवीला छान गाठ मारून ती झाडाच्या फांदीला लटकवणारी एक नवी जमात निघाली आहे, त्यांच्यावर कधीतरी स्वतंत्र कॉलम लिहीन.

आमच्या जवळच्या एका सोसायटीने गेल्या पावसाळ्यानंतर वेळा ठरवल्या. सकाळी सहा ते सात आणि रात्री नऊनंतर लॉनवर कुत्रे, सगळे लीशवर. बाकी वेळ मुलं आणि ज्येष्ठ नागरिक. पहिल्या मीटिंगला खुर्च्या आपटल्या गेल्या, दुसऱ्या मीटिंगला चहा आला. आता कुत्रेवाल्यांच्या ग्रुपवर फक्त एकाच गोष्टीवरून वाद चालू आहे. रविवारी सहाला उठायचं कोणी, नवऱ्याने की बायकोने?